दहा लाख तीन

‘चारशे एकोणीसनं बघ,’ दादा म्हणाला आणि ऑक्सिजनचा मास्क त्यानं पुन्हा नाकावर ओढला. माझा भागाकार पुरा व्हायच्या आत त्याला आयसीयूत हलवलं. दोनशे एकोणसत्तर उरले होते. सांगायला दारापर्यंत गेले, तर सिस्टर म्हणाली, ‘ताई, आता नाही भेटता येणार.’ दुसऱ्या दिवशी दुपारी दादा गेला. महिना होऊन गेला त्याला...

माझा हा थोरला भाऊ म्हणजे आकड्यांचा किडा. महाळुंग्याच्या कंपनीत क्वालिटीला होता, पण पार्टपेक्षा पार्टवर ठोकलेला नंबरच जास्त बघायचा. वडील लातूरकडून भोसरीत आले, तेव्हा आम्ही सगळे एका खोलीत राहायचो. शाळेच्या रस्त्यावर एखादा टेम्पो दिसला की त्याचा नंबर दाखवून दादा म्हणायचा, ‘फोड, सुमे!’ म्हणजे तो कशानं भाग जातो ते सांगायचं. मी चिडायचे. मला भूक लागलेली आणि याला टेम्पो फोडायचेत! नंबर फुटला नाही की स्वारी खूश. ‘ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, बाकी कुणाच्या बापाला भागायची नाही.’

हॉस्पिटलात त्याच्या मनगटाला पट्टी बांधली, तिच्यावर नंबर होता १०००००३. मी म्हटलं, ‘जरा आधी आला असतास, तर दहा लाखावा म्हणून हार घातला असता तुला.’ तो हसला, मग म्हणाला, ‘फोड, सुमे.’ हजाराच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, पुढे जायची गरज नाही, हेही त्यानंच शिकवलेलं. सातनं भागलं, चार उरले. अकरानं चार. तेरानंही चारच! काय मेला चिवट नंबर! दादा डोळे मिटून पुढची संख्या सांगायचा, मी शेजारच्या स्टुलावर भागत बसायचे. डॉक्टर रिपोर्ट चाळून निघून जायचे, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं... भागाकार तेवढा कळत होता. मग मी मनाशी ठरवूनच टाकलं, हा फुटला की दादा घरी येणार. फोनवर क्षणात कळलं असतं, पण ते मला चालणार नव्हतं. हातानंच फुटायला हवा होता.

दहाव्यानंतर थेरगावला त्याच्या घरी चहा घेताना वहिनीला म्हटलं, ‘निम्मासुद्धा झाला नाही गं माझ्याच्यानं.’ तिनं कप खाली ठेवला.

‘वन्सं, तो फुटतच नाही. पट्टी बांधली तेव्हाच हे म्हणाले होते, दहा लाखाच्या पुढची पहिली मूळ संख्या मिळालीय मला. पण सुमीला बोलू नकोस, हाताला काम नसलं की ती रडत बसते.’

मला एवढंच वाटलं, मी त्या नंबरावर काय लावून बसले होते, ते दादाला कळलं नाही, हे बरं झालं.

ती पट्टी आता माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलेली आहे. भांडी आवरली की मी कागद घेऊन बसते, वर १०००००३ लिहिते. फुटणार नाही, ठाऊक आहे. तरी पुढचा भागाकार करावासा वाटतो... पण चारशे एकोणीसच्या पुढे हात सरकत नाही. पुढची संख्या सांगायचं काम दादाचं होतं.