एका सकाळी उरकलेलं वर्ष

आमची ही गेली ती दिवाळीच्या तोंडावर. चकलीची भाजणी दळून आणली होती, ती डब्यातच राहिली. शेजारणीनं विचारलं, "त्या पिठाचं काय करणार आता?" मी म्हटलं, "हवं तर ने." तिनं नेलं. माणूस गेलं की आमच्याकडं वर्षभर सण नाही, नवा कपडा नाही, दाराला तोरण नाही, नवं काही सुरू करायचं नाही. लोकांना ते जड जातं. मला बरं वाटलं. वर्षभर तरी मला कुणी हस म्हणणार नव्हतं.

घरात आम्ही दोघंच उरलो, मी आणि मुलगी. ती आम्हाला उशिरा झाली, एकुलती. मी जन्मभर मार्केटात गोण्या वाहिल्या, कंबर गेली तेव्हा थांबलो. मुलगी बारावीनंतर म्हैसूर रोडला शर्टांच्या फॅक्टरीत लागली, इस्त्रीच्या टेबलावर. वाफेची इस्त्री सकाळी हातात घ्यायची ती संध्याकाळी खाली ठेवायची, तोवर उभं. घरी आली की पाय इतके सुजलेले असायचे की चपलेचा पट्टा कातड्यावर उठलेला दिसायचा. ही तिच्यासाठी मिठाचं कोमट पाणी बादलीत काढून उंबऱ्याशी ठेवायची. पोरगी त्यात पाय सोडून बसायची आणि तिथंच डुलक्या घ्यायची.

दोन वर्षांमागं हिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी डोळ्यांच्या दवाखान्यात बाहेर बाकड्यावर बसलो होतो, आत काय चाललंय मला ठाऊक नाही. पण ही घरी आली ती डोळ्याला पट्टी लावून, आणि बोलणं सगळं तिथल्या एका मुलीचं.

"डॉक्टर नव्हे हं ती. बारावी झालेली, आनेकलकडच्या खेड्यातली. माझ्या डोळ्यात दिवा मारला, काहीतरी लिहिलं, आणि डॉक्टर येऊन तिलाच विचारतो, किती आलं? आणि सगळं काम बसून." मग मुलीकडं तोंड करून, "तू कर हे."

"मला कोण घेतंय आई?"

"विचारलंस कुणाला?"

"तुम्ही एका डोळ्यानं आधी स्वल्प गप पडा."

पण हिनं सोडलं नाही. डोळा बरा झाल्यावर स्वतः जाऊन चौकशी करून आली. डोळे तपासायचं काम दोन वर्षं शिकवतात, हातखर्चाला पैसे देतात, मग तिथंच नोकरी. पुढं जास्तीचं शिकून वर चढायचीही सोय आहे. फक्त वय पंचविशीच्या आत हवं. मुलीनं अर्ज केला, परीक्षा दिली, मुलाखत दिली. उत्तर यायच्या आत आई गेली.

उत्तर आलं ते नंतर, फोनवर. निवड झाली. संक्रांत झाली की हजर व्हायचं. पुढच्या खेपेला येते म्हटलं तर वय निघून जाणार होतं.

माझी थोरली बहीण, अक्का, चामराजपेटेतच दोन गल्ल्या पलीकडं राहते. घरातलं काय करायचं, काय नाही, हे तिला विचारूनच होतं. ती म्हणाली, "वर्षाच्या आत नवं काही नाही. फॅक्टरीत जातेय, जाऊ दे, ते जुनं आहे. हे नवं."

मी मान डोलवली. खरं सांगायचं तर मला शास्त्राचं तेवढं नव्हतं. मला ते वर्ष हवं होतं. तोरण नसलेल्या दाराकडं बघून येणाऱ्याजाणाऱ्याला कळायचं की इथलं कुणी गेलंय. मला सांगत बसायला लागायचं नाही.

मुलगी भांडली नाही. "सरी, अण्णा," एवढंच म्हणून मान्य केलं आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन फॅक्टरीत गेली.

त्या संध्याकाळी मी पाणी तापवलं. ही करायची तसं मीठ टाकलं, बादली उंबऱ्याशी ठेवली. मुलगी आली, पाय घातले आणि ओरडलीच.

"अण्णा, पाय धुवायचेत, शिजवायचे नाहीत!"

मी गार पाणी ओतायला वाकलो तेव्हा ते पाय जवळून बघितले. टाचांना भेगा, घोट्यावर बोट ठेवलं तर खड्डा राहतोय. माझ्या आईचे पाय म्हातारपणी असे होते. पोरगी चोवीस वर्षांची.

मी तसाच उठून अक्काकडं गेलो. ती अवरेकाई सोलत बसली होती, आमच्याकडं थंडीत घरोघर त्या शेंगा असतात. मी म्हटलं, "तुझा सासरा गेला तेव्हा तुझ्या पोराचं लग्न ठरलेलं होतं. काय केलंत?"

"काय म्हणजे? वर्षश्राद्ध आधीच करून वर्ष उरकून घेतलं आणि लग्न लावलं."

"मग मीही उरकून घेतो."

अक्कानं शेंग खाली ठेवली. "ते लग्नकार्य होतं रे. हे काय कार्य आहे?"

"लग्न वर्षभर थांबलं असतं तर तुझा पोरगा म्हातारा होत नव्हता. पोरीची जागा थांबत नाही."

"लोक म्हणतील, बायको जाऊन तीन महिने नाही झाले, ह्याला घाई झाली."

"म्हणू देत. पाय लोकांचे सुजत नाहीत."

"तोंड आहे का पायताण तुझं," अक्का म्हणाली. पण भटजींना फोन तिनंच लावला.

भटजी म्हणाले, करता येतं, तशी सोय आहे. पण मला एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. "एकदा वर्ष केलंत की झालं. मग मागं फिरून दुखवटा धरता यायचा नाही. सण आला की सण करायचा, गोड करायचं." मी म्हटलं, "कळलं." तोंडानं म्हटलं. कळायला वेळ लागला.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी बारा महिन्यांचं सगळं केलं. पिंड, तीळ, पाणी, भटजी सांगतील तसं. महिन्यामहिन्यानं तिचं नाव घ्यायचं होतं, ते एका बैठकीत घेऊन संपवलं. तीळ हाताला चिकटून बसले. नळाखाली हात धरला तरी बोटांच्या मधे राहिलेच. अक्का पहाटेपासून आमच्या चुलीपाशी होती. तिनं वडे तळले, खीर केली आणि सगळ्यांना वाढलं.

मुलीच्या हजर व्हायच्या दिवशी सकाळी अक्का पुन्हा दारात. हातात आंब्याचे डहाळे.

"वर्ष झालं ना तुझं? मग दार बोडकं कशाला?"

तिनं स्वतः स्टुलावर चढून तोरण बांधलं. वय बघता मी स्टूल धरून उभा राहिलो. मुलगी नवा कुडता घालून त्या तोरणाखालून बाहेर पडली. कोपऱ्यापर्यंत मागं बघितलं नाही, मग बघितलं. आतून ऊर भरून यावं असं काही झालं नाही. दार बघून चिडलो मात्र. कुणालाही वाटेल ह्या घरात सगळं ठीक आहे.

तोरण मी काढलं नाही. पानं वाळून आपली आपण गळाली.

उगादीला भटजींचं बोलणं कळलं. आम्ही त्याला पाडवाही म्हणतो. गुढीला साडी लागते, ती हिच्या पेटीतून काढावी लागली. हिरवी काढली. मुलीला त्या दिवशी सुट्टी होती, तिनं पुरणपोळ्या केल्या. पहिली फाटली, ती माझ्या पानात.

"गोड खाऊ नये वाटतंय मला," मी म्हटलं.

"मग वर्ष कशाला उरकलंत?"

"तुझ्यासाठी."

"मग माझ्यासाठी खा."

खाल्ली. हिच्या हातच्यापेक्षा गूळ कमी होता, तसं सांगितलंही. "आईही पहिल्या वर्षी शिकतच असेल," म्हणाली.

जेवण झाल्यावर तिनं भिंतीला डोळे तपासायचा एक कागद लावला. अक्षर एकच, कधी वर तोंड, कधी खाली, कधी बाजूला. मला वाचायला येतं ते चौथीपुरतं कन्नड आणि घरचं मराठी, पण इथं वाचायचंच नाही. बोटानं दाखवायचं, तोंड कुठं ते. उजव्या डोळ्यानं चार ओळी नीट गेलो. डाव्यानं दुसऱ्याच ओळीला अडखळलो. तिनं खुर्ची ओढून समोर घेतली आणि बसून डोळ्यात दिवा मारला. बराच वेळ बघत राहिली. तिच्या तोंडाला इलायचीचा वास होता.

"अण्णा, डाव्यात मोतीबिंदू धरलाय वाटतं. आईसारखाच. मी अजून शिकतेय, तिथं येऊन दाखवा."

"घाई आहे?"

"तशी नाही. पण या."

तिथीनं हिचं वर्ष अजून व्हायचंय. दिवाळीच्या आधी येईल तो दिवस, आणि त्या दिवशी मला करायला काही नाही, सगळं आधीच झालंय. भटजींना विचारायलाही गेलो नाही. त्या दिवशी डोळा दाखवायला जायचं मी ठरवलंय. ही दिव्यासमोर ज्या खुर्चीवर बसली होती, त्याच खुर्चीवर बसेन. समोर आमची मुलगी असेल, तीही बसून. तिथं सकाळी लवकर जाऊन नंबर लावावा लागतो म्हणे. लावीन. बाकड्यावर बसायची मला सवय आहे.