अक्कांचा करिया जेवेना

आमच्या तुंगाअक्का सोमवारी परसात पडल्या. करियाला नळाखाली आंघोळ घालत होत्या, साबणावरून पाय गेला. मी धावत गेले तर त्या जमिनीवर आडव्या पडल्या पडल्या मला म्हणतात, "रत्ना, आधी त्याच्या अंगावरचा साबण काढ गे. डोळ्यात जाईल."

"आणि तुमचं काय, अक्का?"

"मी कुठं पळून चाललेय?"

करिया म्हणजे आमचा काळा कुत्रा. कानडीत काळ्याला करिया म्हणतात. नाव शोधण्यात अक्कांनी कधी वेळ घालवला नाही. पांढरी मांजर होती तिचं नाव बिळी, म्हणजे पांढरी. पोपट होता त्याचं नाव गिळी, म्हणजे पोपट. कार्तिकात बसवनगुडीत शेंगांची जत्रा भरली की ओटीभर शेंगा आणायच्या आणि त्यातल्या निम्म्या खारींना घालायच्या. खारींची नावं ठेवली नाहीत एवढंच, कारण त्या एका जागी उभ्या राहात नाहीत.

अक्का माझ्या थोरल्या नणंद. लग्न होऊन कोलारला गेल्या आणि वर्ष फिरायच्या आत कुंकू पुसून माहेरी आल्या. पुढं जवळच्या बालवाडीत आया म्हणून लागल्या, ते केस पांढरे होईपर्यंत. कुणाचं नाक वाहतंय, कुणी डबा न खाता परत नेतोय, सगळं त्यांच्या ध्यानात. आता टक्कल पडलेले बाप्ये बाजारात त्यांना वाकून नमस्कार करतात, आणि त्या विचारतात, "डबा खाल्लास का रे?" आमचे हे गेल्यापासून या घरात आम्ही दोघी आणि करिया.

खुब्याचं हाड मोडलं होतं. माझा नातू प्रणीत आणि त्याची बायको मुग्धा शहराच्या दुसऱ्या टोकाहून, सर्जापूर रोडवरून, लॅपटॉपसकट राहायला आले. मंगळवारी ऑपरेशन झालं. घरात मग जी धांदल उडाली ती विचारू नका. पुढच्या खोलीत प्रणीत लॅपटॉपशी इंग्रजी बोलतो, मागच्या खोलीत मुग्धा बोलते, मध्ये माझा कुकर शिट्ट्या मारतो आणि दोघंही "सॉरी, सॉरी" म्हणतात. कुकरच्या वतीनं माफी मागणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली.

मुग्धा पुण्याची. चांगली आहे पोर. फक्त मला तू म्हणते. "अगं आजी, तू राहू दे, मी भांडी लावते." आमच्या घरी सासरच्या माणसाला तू म्हणणारी जीभ तोवर जन्मली नव्हती. मी आजही अक्कांना तुम्ही म्हणते, आणि एका चुलीवर आम्ही सारा जन्म काढलाय. मुग्धाचं तू ऐकलं की आधी मला ठसका लागायचा. मग सवय झाली. खरं सांगायचं तर आवडायलाही लागलं, पण ते मी तिला सांगितलेलं नाही.

तर करिया. सोमवारपासून त्यानं अन्नाला तोंड लावलं नाही. पाणी प्यायचा, भांड्यापाशी यायचा, वास घ्यायचा आणि मान वर करून आमच्या तोंडाकडे बघत राहायचा. अक्का घालतात तसाच दूधभात, त्याच जर्मनच्या थाळीत, त्याच पायरीपाशी मी ठेवला. "खा रे," म्हटलं. नाही. "तिन्नो," म्हणून कानडीत सांगितलं. नाही. प्रणीतनं पिशवीतलं कुत्र्याचं खाणं आणलं, मुग्धानं "ईट, बेबी, ईट" करून बघितलं. मी अक्कांची साडी नेसून वाढलं. करियानं मला नीट वरून खालपर्यंत हुंगलं आणि तोंड फिरवलं. साडी ओळखली आणि आतली बाईही ओळखली.

अक्कांना हे कळू द्यायचं नव्हतं. पण शुद्धीवर आल्यापासून त्यांचा एकच प्रश्न. "करिया जेवला?" आम्ही जेवला म्हणायचो. त्या आमच्या तोंडाकडे बघायच्या, आणि नर्सबाईनं आणलेली गंजी, म्हणजे तांदळाची पेज, बाजूला सारायच्या. म्हणायच्या, भूक नाही.

गुरुवारी प्रणीतनं जरा जास्तच रंगवून सांगितलं. "अक्काआजी, आज तर त्यानं ताट चाटून पुसून साफ केलं."

"काय घातलंत?"

"चिकन."

"आज वार कोणता?"

"गुरुवार."

"आमचा करिया गुरुवारी चिकन खात नाही," अक्का म्हणाल्या. "तो जेवला की मला सांगा. मग मी बघते माझं."

बाहेर डॉक्टर म्हणाले की या वयात पोटात काही गेलं नाही तर हाड सांधणार कसं, आणि अंगात बळ नसेल तर उभं कसं करणार. मला पुढचं ऐकवेना. आमच्या घरात दोघं उपाशी बसली होती, एकमेकांसाठी, आणि मध्ये आम्ही तिघं शहाणी.

शुक्रवारी सकाळी प्रणीतनं फोनवर अक्कांचा चेहरा करियाला दाखवला. करियानं फोन चाटून ओला केला, पण भात तसाच.

त्याच फोनवर मी विचारलं, "अक्का, तुम्ही त्याला वाढताना काय म्हणता?"

"काय म्हणायचं? थाळी ठेवते, तो खातो. कुत्र्याला काय मंत्र सांगायचा असतो?"

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी दुपारी मी अवरेकाळूची, म्हणजे पावट्याची, उसळ आणि भाकरी केली होती. करियाची थाळी नेहमीच्या जागी ठेवली. तो आला, बघत बसला. इकडे दोघांना वाढलं आणि मी आपली भाकरीचा डबा हातात घेऊन उभी. सगळ्यांचं झाल्याशिवाय मला घास उतरत नाही, जुनी खोड. मुग्धानं खुर्ची ओढली आणि वैतागून म्हणाली, "आजी, किती वेळ उभी राहणारेस? तू पण बस."

मागं चपचप आवाज आला.

प्रणीतचा घास हातातच राहिला. करिया खात होता. थाळी सरकत सरकत भिंतीला लागली तरी खात होता.

"मी काय केलं?" मुग्धा कुजबुजली.

मी डबा खाली ठेवला आणि खुर्चीवर बसले. मला आमचे मामंजी दिसले.

माझे सासरे सुब्बाराव, चिकपेटेत कापडाचं दुकान. या घरात तेव्हा पंगती उठायच्या. आधी पुरुष, मग मुलं, मग आम्ही बायका, आणि सगळ्यांत शेवटी, दाराआड, अक्का. कुणी त्यांना जेवू नको म्हणत नसे. पण जेव म्हणतही नसे. त्या भांडी आवरत राहायच्या आणि विचारलं तर म्हणायच्या, भूक नाही. मामंजींचं जेवण होई, पण ते पाटावरून उठत नसत. आत बघून म्हणत, "तुंगे, तू बी बस." अक्का पान घेऊन बसल्या की मगच ते हात धुवायला जात. रोज. मोजकं बोलणारा माणूस, पण हे वाक्य कधी चुकलं नाही.

मामंजी गेले. अक्का कुणी न सांगता जेवायला शिकल्या. पण ते वाक्य टाकलं नाही त्यांनी, जनावरांना देऊन टाकलं. बिळीला, गिळीला, आता करियाला. मी रोज ते स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि नळाचं पाणी ऐकावं तसं ऐकत होते.

दोघांना हे सांगितलं तेव्हा मुग्धा म्हणाली, "म्हणजे मी तुला नीट, आदरानं 'तुम्ही बसा' म्हटलं असतं तर..."

"तर तो उपाशी राहिला असता," प्रणीत म्हणाला. "'बी' काय नि 'पण' काय, त्याला 'तू' आणि 'बस' पुरतं."

संध्याकाळी इस्पितळात जाऊन मी अक्कांना सांगितलं. त्या ऐकून घेतात आणि म्हणतात, "मी असं म्हणते? काहीतरीच. ते अप्पा म्हणायचे." नर्सबाई गंजी घेऊन आली तेव्हा त्यांनी वाटी हातात घेतली, चव बघितली आणि म्हणाल्या, "मीठ नाही स्वल्पही. कसं खातात माणसं?" पण संपवली.

पुढच्या आठवड्यात त्या वॉकर घेऊन घरी आल्या. घरात आता नवीनच पंचाईत. कुणी कुणाला "तू पण बस" म्हटलं की करिया थाळीकडे धावतो, रिकामी बघतो आणि आमच्याकडे असं बघतो की आम्ही पक्के लबाड. म्हणून प्रणीत बायकोला "अहो, तुम्ही बसा" म्हणतो, आणि मुग्धा मलासुद्धा. मला ते मुळीच आवडत नाही.

काल दुपारी दोघं आपापल्या लॅपटॉपपाशी होते. मी अक्कांचं ताट वाढून दिलं. त्या हात न लावता बसून राहिल्या.

"रत्ना, अप्पा कोणत्या आवाजात म्हणायचे गे? मला वाक्य आठवतं. आवाज नाही आठवत."

"जाड आवाज. तोंडात विडा धरल्यासारखा."

"म्हणून दाखव."

माझी जीभ उचलेना. थोरली नणंद. जन्मात कधी तू म्हटलं नव्हतं. पण त्या वाट बघत होत्या. मी पदर सारखा केला, घसा खाकरला आणि म्हटलं, "तुंगे, तू बी बस."

अक्कांनी डोळे मिटून घेतले. "असा नव्हता," त्या म्हणाल्या. "पण सरी. चालेल."

पायरीपाशी करिया उठला होता आणि थाळीत नाक घालून उभा होता.

"घाल त्याला थोडा भात," अक्का म्हणाल्या, आणि भाकरी मोडली.