कविता गेल्यावर नंदाशी कोण बोलणार

"मॅडम, मी एकटीच आलेय. सुरू करता का जाऊ मी?"

कळमनुरीच्या एका ज्युनिअर कॉलेजचा हॉल. रांगेनं मांडलेल्या खुर्च्या, भिंतीवर माझा प्रोजेक्टर चालू, आणि समोर ही एक मुलगी. बाकीचा वर्ग एका कोचिंगवाल्याच्या सेमिनारला गेला होता. तिथं नाश्ता होता.

मी करिअर कौन्सेलर आहे. एका संस्थेसाठी हिंगोली जिल्ह्यातल्या गावांत फिरते, बारावीच्या मुलांना पुढं काय शिकता येईल ते सांगते. माझं गाव लांब. दिवसभर बोलायचं आणि संध्याकाळी खोलीचं कुलूप काढून गप्प आत शिरायचं, असं चाललेलं.

प्रोजेक्टर बंद केला. खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. कविता राठोड, आर्ट्सची, तांड्यावरची.

"तुला काय करायचंय?"

"बहिऱ्या लेकरांना शिकवायचंय. त्याचं शिक्षण असतंय का?"

हे विचारणारी ती मला पहिलीच भेटली. असा डिप्लोमा असतो, दोन वर्षांचा. पण कॉलेज नागपूरला.

"हे कुठून सुचलं?"

"माझी धाकटी बहीण, नंदा. तिला ऐकू येत न्हाई. घरात तिचं बोलणं मलाच कळतंय."

दोघींनी बोटांची एक भाषा केली होती. शाळेत नंदा नुसती बसून यायची, म्हणून शाळाही सुटली होती.

संस्थेतल्या आमच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "एका मुलीसाठी नागपूर कुठं शोधता? जवळ नर्सिंगला सीट आहे. केस क्लोज करा." केस क्लोज म्हणजे मुलीला कुठंही ॲडमिशन मिळाली की आमचं काम संपलं.

"तिला नर्सिंग नकोय, सर."

"मग तुमचं तुम्ही बघा."

तांड्यावर गेले. वडील ऊसतोडीला गेलेले. आई ऐकून घेत होती. नंदा एकेकीच्या तोंडाकडे बघत होती. कवितानं तिला बोटांनी सांगितलं. नंदा उठली, दाराबाहेरच्या कविताच्या चपला आणल्या आणि पोटाशी धरून कोपऱ्यात बसली.

"बघा," आई म्हणाली. "ही गेली तर तिच्याशी कोन बोलंल? मला तर दोन खुणा येत्यात, ये आन् जेव."

कॉलेज, हॉस्टेल, स्कॉलरशिप, सगळ्याची तयारी करून गेले होते, नंदाची सोडून.

मग नागपुरातच कर्णबधिर मुलींची निवासी शाळा शोधली. तिथं सगळ्याच हातांनी बोलतात. कविता नंदाला घेऊन बघायला गेली. परतताना नंदा बसमध्ये बसेना. एका मुलीचा हात तिला सोडवत नव्हता.

आईला हे सांगितलं.

"मंजी दोघीबी?"

"व्हय," कविता म्हणाली.

आईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "जाऊ द्या. तिला कुनी बोलाया भेटलं तर."

दोघी गेल्या. कविता आता दुसऱ्या वर्षाला आहे, बरं चाललंय. सरांनी दोन ॲडमिशन धरल्या आणि खूश झाले.

मध्यंतरी बाजाराच्या दिवशी तांड्यावर डोकावले. आई एकटीच. मी पाठमोरी बसले होते. चहा झाल्यावर तिनं हाक मारली नाही, जमिनीवर पाय आपटला. जमीन हादरली की नंदा वळून बघायची, तिला बोलवायची तीच सवय. मग स्वतःच ओशाळली.

तेव्हापासून कुठल्याही घरी गेले की मुलीला काय शिकायचंय ते नंतर विचारते. आधी विचारते, ती गेल्यावर मागं कोण कोण राहणार.