काहिलीजवळचा हेडसेट

कपाट आवरताना जुना हेडसेट हाती आला, आणि त्याच्या कानांवरच्या गाद्यांना अजून करपलेल्या गुळाचा वास येत होता. गुऱ्हाळांचे व्हिडिओ करत फिरायचो तेव्हाची गोष्ट; जयसिंगपूरच्या अलीकडचं ते माझं त्या दिवसातलं तिसरं गुऱ्हाळ होतं आणि अंगात त्राण उरलं नव्हतं. आधीच्या दोन्ही व्हिडिओंत माणसाच्या बोलण्याऐवजी चरकाच्या इंजिनाची धडधडच आली होती. म्हणून इथं मी गूळ शिजवणाऱ्या गुळव्याच्या डोक्यावर हा स्वस्तातला हेडसेट चढवला आणि माइक त्याच्या ओठांशी आणला. वाफेत उभा राहून, काहिलीच्या भल्यामोठ्या कढईतला उकळता रस ढवळत तो झकास बोलला. मग हेडसेट काढायला लागला, तर मी म्हणालो, "असू द्या मामा, अजून एकदा घेऊ." पुन्हा चढवायचा कंटाळा, दुसरं काय! तो बोलत राहिला आणि एकाएकी करपट वास सुटला. त्यानं हेडसेट ओढून काढला, पण तोवर सगळी काहील वाया गेली होती. "पावणं, पाक झाल्याला आमाला कानानं कळतंय," तो म्हणाला, "आन् तुमी कानच झाकलासा की." तो व्हिडिओ मी कुठंच टाकला नाही. आज लावून पाहिला. इंजिन नावालाही नाही, त्याचा शब्द न् शब्द स्वच्छ येतो: "उकळीचा आवाज जड झाला की काहील उतरायची. आता हुईल बघा, ऐका." मी आवाज वाढवत गेलो. त्या माइकनं उकळीही टिपली नव्हती.