गांडुळांना भरीत

सासऱ्यांच्या लेखी माझी किंमत शून्य. आबा एरंडोलकडचे शेतकरी आणि मी धुळ्याच्या एका ऑफिसात फायली इकडच्या तिकडे करणारा. पंधरा वर्षांत "चहा झाला का" यापलीकडे त्यांनी मला काही विचारलं नाही. फोनसुद्धा नेहमी लेकीलाच. शेवटी मी हट्टाला पेटलो. बाल्कनीत टब ठेवून गांडूळखत करायला घेतलं आणि चार महिन्यांनी ऐटीत निरोप धाडला, रविवारी या, तुमच्या वांग्यांना माझ्या हातचं खत घेऊन जा.

शनिवारी दुपारी गच्चीवर ऑफिसच्या मंडळींची भरीत पार्टी झाली. वांग्यांची सालं, उरलेलं भरीत, तेल, मीठ, हिरव्या मिरच्या, सगळं घमेल्यात भरून मी टबात ओतलं. बायको म्हणाली, अहो, एवढं तिखट त्यांना सोसेल का? मी छाती फुगवून सांगितलं, खान्देशातली गांडुळं आहेत, सोसायलाच पाहिजे.

सकाळी बाल्कनीत पाऊल टाकलं आणि तसंच मागे घेतलं. बिचारी गांडुळं टब सोडून फरशीवर आली होती. काही वाळून दोऱ्यासारखी पडलेली, काही थेट हॉलच्या उंबऱ्याशी. मी गुडघे टेकून चमच्याने एकेक उचलत होतो, तेवढ्यात आबा दारात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता हे गावभर होणार.

आबा हसले नाहीत. टबात बोट घालून हुंगलं, मिरचीचं एक देठ काढून बाजूला ठेवलं. मग ओलं गोणपाट मागून घेतलं आणि धोतर सावरून माझ्या शेजारी उकिडवे बसले.

"बठ्ठा मरेल नहीत, जवाईबापू."

सगळी मेली नव्हती खरी; तासभर आम्ही दोघं जिवंत गांडुळं वेचत होतो. निघताना त्यांनी खताला हातही लावला नाही. गांडुळं मात्र गोणपाटात गुंडाळून पिशवीत घेतली, ही तुमच्याकडे ठेवत नाही म्हणाले. मी मान खाली घातली. एवढाही भरवसा नाही माझ्यावर, आणि तो का असावा?

दोन महिन्यांनी माझा मोबाईल वाजला. आबा होते. गांडुळं उकिरड्याच्या सावलीत चांगली रुजली आहेत, पिल्लंही झाली आहेत, रविवारी येऊन बघून जा म्हणत होते.

आबांचा आवाज ऐकून बायकोने सवयीने हात पुढे केला. मी फोन दिला नाही.