रुमालाखालची किंमत

उद्या घोडेगावचा जनावरांचा बाजार, आणि आज आमचं जनावरांच्या खरेदी-विक्रीचं ॲप उघडताक्षणी बंद पडत होतं. बाजारातले मोठे व्यापारी अण्णा, म्हणजे आमचे क्लायंट, फोनवर होते.

"मॅडम, सकाळपास्नं बघतोय. उगडलं की मिटतंय. उद्या चाललं न्हाई तर तुमचा आमचा राम राम."

अण्णा गेले तर नगरच्या आमच्या छोट्याशा कंपनीतली एक खुर्ची कमी होणार होती. कुठली, हे सरांनी माझ्या खुर्चीकडे बघून सांगितलं होतं.

परवापर्यंत ॲप सुरळीत चाललं होतं. हेच सरांना बघवलं नाही. ॲप कॉम्प्युटरच्या ज्या भाषेत लिहिलंय तिची नवी आवृत्ती आली होती. "आपण मागे राहायचं नाही," म्हणत सरांनी ती चढवली.

नवी आवृत्ती फार शिस्तीची. कोडमध्ये एखादी जागा रिकामी राहू शकत असेल, तर ती आधीच विचारते: रिकामी निघाली तर काय करू? उत्तर देईपर्यंत तिथं लाल रेघ, म्हणजे एरर. जुनी असलं काही विचारत नसे, रिकामी जागा रिकामीच दाखवायची. सगळी स्क्रीन लालभडक झाली.

मी एकेक प्रश्न सोडवायला बसणार, तोवर सरांना शॉर्टकट सापडला. त्या जागी एक उद्गारचिन्ह टाकायचं. अर्थ असा की, 'इथं काहीतरी असणारच, माझी गॅरंटी.' मग भाषा गप्प बसते. सरांनी दिसेल तिथं गॅरंटी वाटली. "याला म्हणतात अनुभव," असंही म्हणाले. टेस्टिंग पास झालं, कारण टेस्टिंगच्या म्हशी सरांनी स्वतः भरल्या होत्या आणि प्रत्येकीला छानशी किंमत लावली होती.

खऱ्या म्हशींची किंमत कुणी भरलीच नव्हती. बाजारात भाव चारचौघांत बोलत नाहीत, तर ॲपवर लिहिणार कुठून? रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात, बोटं दाबून सौदा करतात. शेजारच्याला पत्ता लागत नाही. त्यामुळे किमतीची जागा कायम रिकामी, आणि सरांची गॅरंटी पहिल्याच म्हशीवर फसली की ॲप मान टाकायचं.

"किंमत कम्पल्सरी करू," सर म्हणाले.

मी अण्णांना फोनवर विचारलं. "मंग बाजारबी तुमच्या हापिसातच भरवा," अण्णा म्हणाले.

मी सगळी उद्गारचिन्हं उपटली. प्रत्येक जागी रीतसर उत्तर लिहिलं. किंमत रिकामी असेल तर तिथं दाखव: 'रुमालाखाली'. संध्याकाळी ॲप उघडलं आणि उघडंच राहिलं. खरं सांगते, मला रडू आलं. सर शेजारी येऊन "बघ, मी म्हटलं नव्हतं?" म्हणाले, तेव्हा थांबलं.

बाजार झाल्यावर अण्णा करार वाढवायला ऑफिसात आले. 'रुमालाखाली' त्यांना भलतंच आवडलं होतं. "लई झ्याक! आपला सौदाबी तसाच करू, सर." त्यांनी खांद्यावरचा रुमाल सरांच्या हातावर टाकला.

सरांना बोटांची भाषा ओ की ठो येत नव्हती. पण माझ्यासमोर विचारणार कसं? रुमाल हलला. सरांनी गंभीरपणे मान डोलावली.

"ठरलं!" म्हणत अण्णा हसत गेले.

"काय ठरलं, सर?"

"चांगलंच असणार."

कागद आले तेव्हा कळलं, करार गेल्या वर्षीच्या निम्म्या रकमेत ठरला होता. प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बंद केलं म्हणजे उत्तर मिळालं असं नसतं, एवढंच मी यातून शिकले. खुर्ची मात्र वाचली.

"आणि माझी पगारवाढ, सर?"

"होणारच!" सर म्हणाले. त्यातलं उद्गारचिन्ह मला स्पष्ट ऐकू आलं.