गाळलेल्या तीन जागा

मी मास्तर होतो आणि चूक दिसली की माझा हात शिवशिवायचा. निपाणीच्या मराठी शाळेत दिवसभर पाट्या तपासायच्या, चुकलेलं ओल्या फडक्यानं पुसायचं आणि बरोबर असेल ते लिहून द्यायचं. घरीही माझं तेच चाले. आईनं वाण्याची यादी लिहिली, तर तिचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारून मगच मी पिशवी उचलत असे. माझा थोरला भाऊ अण्णा यावरूनच मला ‘मास्तर’ म्हणे. त्यात थट्टा किती आणि कौतुक किती, हे मी कधी विचारलं नाही.

अण्णा तंबाखूच्या वखारीत कारकून होता. त्याआधी तीन वर्षं तो बेळगावात एका बुवांकडे गाणं शिकला होता. वडील अचानक गेले, शिक्षण अर्धवट टाकून तो घरी आला आणि वखारीत चिकटला. पंधरा वर्षं तंबाखूची धूळ नाकातोंडात गेली. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी त्याच्या खोकल्याचं खरं नाव सांगितलं. ते नाव आम्ही घरात उच्चारत नसू, पण गल्लीला कळायचं राहिलं नाही. आईकडे येणाऱ्या बायका हळूहळू यायच्या बंद झाल्या. अण्णाची खाट मागच्या पडवीत गेली. ताट-तांब्याही वेगळा झाला.

डॉक्टरांनी गाणं तर सोडाच, बोलणंही कमी करायला सांगितलं होतं. तरी दुपारी अंगात ताप भरू लागला की तो भिंतीला टेकून बसे आणि गुणगुणत राही. त्या पावसाळ्यात त्यानं भीमपलासात एक चीज बांधली. चीज म्हणजे बैठकीत गवई आळवतात तसली चार ओळींची रचना. अण्णानं जन्मात ही एकच केली. मी शाळेतून आलो की तो मला पुढ्यात बसवून एकेक ओळ शिकवायचा. माझा गळा बेताचा, पण कान बरा होता. स्वर मी माझ्याच पाटीवर लिहून घेत असे. सोळा मात्रांची सोळा घरं, घरात स्वर आणि मात्रा मोकळी असेल तिथं आडवी रेघ. पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच कुडाची भिंत होती. पलीकडे आईची भाकरी थापणं चालू असे.

चीज बसल्यावर एके दिवशी तो म्हणाला, “बेळगावला जा. बुवास्नी ऐकीव. खरी असली तर ते घेतील, शिष्यांस्नी देतील. माझं एवढं तरी कुणाच्या गळ्यात ऱ्हाऊ दे.” मग त्यानं अट घातली. चीज त्याची आहे हे सांगायचं नाही, आजाराचंही बोलायचं नाही. बुवा त्याला ओळखत होते. त्यांना कीव आली तर खरं काय ते कळणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारी कोळशाच्या ग्यासवर चालत. चढ आला की उतरून ढकलावं लागे. बेळगावला पोचलो तेव्हा माझ्या धोतरावर काजळी होती. बुवांनी बसायला पाट दिला, तंबोरा लावला आणि चीज कुणाची म्हणून विचारलं. मी माझी म्हणून सांगितलं. त्यांनी ती तीनदा म्हणून घेतली.

राग शुद्ध आहे, शब्द नीट बसलेत, असं ते म्हणाले. मग त्यांनी मांडीवर ठेका धरून दाखवलं. तीन ठिकाणी गाणं मध्येच थांबत होतं, आणि त्यातलं एक तर ऐन समेच्या आधी, म्हणजे जिथं सगळं जोरानं येऊन पडायचं त्याच्या तोंडाशी. “इथं कुणी गवई थांबत नाही, मास्तर. ह्या गाण्याला दम नाही. तेवढ्या तीन जागा भरून आणा, मी शिकवीन ही चीज.”

मी आनंदात परतलो, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. तीनच चुका, त्याही नेमक्या दाखवलेल्या. शाळेत आम्ही मुलांना गाळलेल्या जागा भरायला देतो, तसलंच काम वाटलं मला. अण्णाला मी शब्दन् शब्द सांगितला, बुवांचा तो दम नसल्याचा शेरादेखील. 

“तिथं मला श्वास घ्यावा लागतो रं,” तो म्हणाला. “पयलं अडून थांबत हुतो. आता ते थांबणंच लई बरं वाटाय लागलंय.”

मी म्हणालो, “अण्णा, ही सबब झाली.”

हे वाक्य मी रोज वर्गात उच्चारत असे. त्या दिवशी भावाला म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि पाटी आण म्हणाला. त्यानं स्वर सांगितले. मी फडकं ओलं करून तिन्ही ठिकाणच्या रेघा पुसल्या, पुढची-मागची घरं सरकवली आणि नवे स्वर लिहिले. माझं तेवढ्यावर समाधान होतं. पण स्वतःच्या गळ्यातून एकदा सलग उतरल्याशिवाय चीज दुसऱ्याला द्यायची नाही, ही बुवांचीच शिकवण. तो रोज दुपारी बसायला लागला. समेपर्यंत एका दमात जायचा, खोकायचा, पुन्हा पहिल्यापासून धरायचा. आई म्हणाली, त्याला गप कर. मी म्हणालो, आता थोडंच राहिलंय. चौथ्या दिवशी ती सलग उतरली. त्यानं माझ्याकडे पाहून बोट वर केलं. त्याच संध्याकाळी त्याच्या तोंडातून रक्त पडलं. पुढं बारा दिवस तो होता.

त्याचं दिवसकार्य उरकल्यावर मी पुन्हा बेळगावला गेलो. तेवढं करणं माझ्याकडे लागत होतं. मधल्या काळात ती चीज मी इतक्यांदा घोकली होती की शाळेत फळ्यावर लिहितानाही ती तोंडात असे. बुवांनी ऐकली आणि म्हणाले की आता दोष काही नाही. पण तंबोरा त्यांनी खाली ठेवला. गेल्या खेपेला हिच्यात काहीतरी होतं, ते आता सापडत नाही, असं ते म्हणाले. तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं.

ते खाली मान घालून ऐकत होते. अण्णाला ते विसरले नव्हते. “हे तुम्ही मला तेव्हाच सांगायला हवं होतं,” ते म्हणाले. मग त्यांनी तंबोरा पुन्हा उचलला. “आता पहिली म्हणा. तो म्हणायचा तशी.”

मी सुरू केलं. थांबायची जागा आली आणि माझा गळा भरलेल्या स्वरांवरून सरळ पुढं गेला. पुन्हा धरलं. कुठल्या मात्रेला थांबायचं, किती मात्रा मोकळ्या सोडायच्या, काही आठवेना. अंदाजानं थांबलो तर ठेका चुकला. बुवांनी पाच-सहा वेळा संधी दिली. कागदावर कुठं लिहिलंय का, म्हणून विचारलं. नव्हतं. शेवटी त्यांनी तंबोऱ्याला गवसणी घातली. चीज घेतो म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही.

घरी आल्यावर पाटी काढून उजेडाला धरली. पुसलेल्याची पुसट खूण कधी कधी राहते. पण माझं पुसणं स्वच्छ होतं.

पुढं कधीतरी सुगीच्या दिवसांत मी परसात आंघोळीचं पाणी काढत होतो आणि तीच चीज नकळत तोंडात आली. आई चुलीपाशी होती. पावसाळाभर कुडाच्या भिंतीपलीकडून तिनं ती अण्णाच्या गळ्यातून, थांबत थांबत, रोज ऐकली होती. तिनं थोडा वेळ कान दिला आणि आतूनच विचारलं, “ह्ये कुणाचं गाणं रं? बरं हाय.”

बुवांपुढं मी एकदा खोटं बोललो होतो. आईलाही मी तेच सांगितलं, की माझं आहे. या खेपेला ते खोटं नव्हतं.